मेंढा सजविणे आणि मेंढी राखणे

2020 साली आटपाडीच्या बाजारात एका माडग्याळ मेंढ्यास 70 लाखांची मागणी आली आणि धन्याने ती नाकारली, अशी वार्ता वृत्तपत्रांत झळकली. तेव्हापासून प्रदर्शनाचा मेंढा बाळगण्याची हौस धरणारे तरुण आम्हांस जागोजाग भेटतात. या हौसेकडे पाहून नाक मुरडणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे. ज्या धंद्याचे नाव वर्गात घेण्यास धनगराचा मुलगा संकोचत असे, त्याच धंद्याचा अभिमान बाळगून तो मैदानात उभा राहतो, ही गोष्ट लहान नव्हे.

परंतु मैदानात पाहिले जाते ते काय? पोपटाच्या चोचीसारखे बाकदार नाक, उंची, पांढऱ्या अंगावरचे तपकिरी ठिपके! दूध, मका व पेंड खाऊन सावलीत पोसलेला हा मेंढा कळपाबरोबर दिवसभर चालेल काय, त्याची आई किती कोकरे वाढवून गेली, हे कोणी विचारीत नाही. मेंढा सजविण्यास महिना पुरतो. मेंढी राखण्यास नजर लागते, आणि ती एका हंगामात येत नाही.

ही नजर म्हणजे काय, हे तळावर जाऊन पाहावे. गाभण मेंढी पाच महिन्यांनी विते. तेव्हा कोकरे चाऱ्याच्या दिवसांत पडावीत म्हणून मेंढा कळपात केव्हा सोडावा, याचा हिशेब आधीच मांडावा लागतो. पावसाळ्यापूर्वी आंत्रविषाराची लस टोचली नाही, तर कोवळ्या गवतावर धष्टपुष्ट जनावरच आधी पडते. ओल्या जमिनीत खूर कुजतात. कळपाच्या मागे रेंगाळणारी मेंढी आज पाहिली नाही, तर उद्या उशीर झालेला असतो. पोरक्या कोकरास दुसरी आई लावून देण्याची युक्ती तर तळावरच्या बायकांनाच विचारावी. त्यांच्या या विद्येला कोणत्याही मैदानात अद्याप फीत मिळालेली आम्ही पाहिली नाही.

आणि आपली काळी दख्खनी मेंढी? आपल्या घराघरांतील घोंगडी तिच्याच लोकरीची. आज त्या लोकरीतून कातरणीची मजुरीही सुटणे कठीण झाले, म्हणून ती मागे पडत आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या गरोळ मेंढीचा जुळ्यांचा गुण याच दख्खनीत उतरविला. दोन कोकरे देणारी मेंढी गरीब घरास किती आधार देते, हे सांगावयास नको. पण तिचे नाक बाकदार नाही!

अमेरिकेतील फोर-एच मंडळांत मुले कोकरू स्वतः वाढवितात, चाऱ्याचा खर्च आणि वजन वहीत लिहितात, व मगच ते प्रदर्शनात नेतात. ही वही आपणही घ्यावी. अथणी, चिकोडी, निपाणीकडील प्रदर्शनांच्या चालकांना आमची विनंती आहे की, अठरा वर्षांखालील मुलामुलींसाठी वेगळा वर्ग ठेवावा आणि त्यात विकत घेतलेला मेंढा चालू नये. परीक्षकाने जनावराचे तोंड उघडून खालचे दात वरच्या हिरडीस बरोबर भिडतात की नाही ते पाहावे, मुलास वही मागावी, लस केव्हा टोचली ते विचारावे. आणि पहिले बक्षीस एकट्या मेंढ्यास न देता कोकरांसह उभ्या असलेल्या मेंढीस द्यावे.