शिक्का मारलेली पहिली आवृत्ती

चोर्ला घाट चढून बेळगावला जायचं म्हणजे आपल्या गोवेकरांना खरेदीच. कपडे, भाजी, येताना कुंदा. मी मात्र जुन्या पुस्तकांच्या दुकानात घुसतो. बायकोने आता बोलणंही सोडलंय. मागच्या फेरीत तिथे जयंत नारळीकरांची ‘यक्षांची देणगी’ मिळाली. मौजेची, १९७९ ची, पहिली आवृत्ती. चाळीस रुपयांना!

आत निपाणीकडच्या एका गावच्या वाचनालयाचा जांभळा गोल शिक्का, दाखल क्रमांक, आणि मागे तारखांची चिठ्ठी. पहिली तारीख १९८१ ची, शेवटची १९९८ ची. एका वर्षात तर पुस्तक अकरा वेळा बाहेर गेलेलं.

पहिल्या आवृत्त्या जमवणाऱ्या एका मित्राला फोन केला. मे २०२५ मध्ये नारळीकर गेले तेव्हापासून तो त्यांची पुस्तकं शोधतोय. आधी हरखला, मग म्हणाला, "शिक्का आहे? मग काही उपयोग नाही रे. बघ, ते पान ब्लेडने काढता आलं तर."

मंडळी, मी कारकून माणूस. आयुष्य शिक्के मारण्यात गेलं. शिक्का असला की कागद खरा, एवढंच मला कळतं. आणि इथे शिक्का म्हणजे डाग!

बाजाराचं शास्त्र मला ठाऊक आहे. मेरी शेलीच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’ची १८१८ ची पहिली आवृत्ती, लेखिकेच्या नावाशिवाय छापलेल्या पाचशे प्रतींपैकी एक, २०२१ साली लिलावात अकरा लाख डॉलरच्या वर गेली. मूळ बांधणी शाबूत म्हणून. तिथे ते ठीक असेल. पण नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली होती, तीही पत्नीच्या अक्षरात लिहवून. आपल्या नावाकडे बघून बक्षीस मिळू नये म्हणून! अशा माणसाचं पुस्तक न उघडता प्लास्टिकमध्ये घालून ठेवणाऱ्यांना काय म्हणायचं?

निपाणी ते नारळीकरांचं जन्मगाव कोल्हापूर, अंतर चाळीसेक किलोमीटर. मध्ये १९५६ पासून राज्याची हद्द. महाजन आयोगाने १९६७ साली निपाणी महाराष्ट्राला द्यायची शिफारस केली, ती कागदावर राहिली. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. तिथे जनगणनेचे आकडे मांडतात, मांडोत. पण हद्दीपलीकडच्या एका खेड्यात कृष्णविवरं आणि परग्रह मराठीतून वाचायला माणसं रांगेत होती, हे कुठल्या तक्त्यात येतं? ते या चिठ्ठीवर आहे. आणि माझा मित्र म्हणतो, ब्लेड घे.

अर्थात नुसत्या संग्राहकांनाच का झोडपा? हे पुस्तक रद्दीत घातलं ते वाचनालयानेच. आमच्या भाषेत ‘निर्लेखित’. जीर्ण, मागणी नाही, जागा नाही. तीन शब्दांत चाळीस वर्षं साफ. गोव्यातही हेच चालतं. अशा याद्या घेऊन सह्यांसाठी मीही टेबलाटेबलावरून फिरलोय, आणि यादीत काय आहे हे एकदाही वाचलेलं नाही. तेव्हा कुणाकडे बोट दाखवताना जरा जड जातं.

असो. मित्राचा परवा पुन्हा फोन आला, पान न काढताही घेईन म्हणाला, भाव जरा कमी करून. पुस्तक घरात नाही, असं सांगितलं. खोटं नव्हतं. शेजारचा दहावीतला मुलगा वाचायला घेऊन गेलाय. नेताना चिठ्ठीवर १९९८ च्या खाली तारीख घालायला लावली मी त्याला.