शेणाचा हिशेब ठेवणारे प्रोफेसर

कर्नाटकात तुमकूर जिल्ह्यात पुरा नावाचं एवढंसं गाव आहे. १९८७ नंतर काही वर्षं तिथे रोज सकाळी एक गंमत दिसायची. डोक्यावर शेणाच्या पाट्या घेतलेल्या बायका, पोरीबाळी येताहेत. गावातलाच एक तरुण पाटी काट्यावर ठेवतो, वहीत आकडा मांडतो आणि म्हणतो, चला, पुढची पाटी! शेण आणून दिल्याबद्दल किलोमागे दोनेक पैसे मिळायचे. शिवाय गॅस काढून घेतल्यावर उरलेला शेणाचा काला खत म्हणून ज्याचा त्याला परत.

हा उद्योग कुणाचा असावा? खादी ग्रामोद्योगाचा? एखाद्या सर्वोदयी कार्यकर्त्याचा? नाही. तो होता बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचा! सी. व्ही. रामन ज्या संस्थेचे संचालक होते, होमी भाभांनी जिथे संशोधन केलं, तीच ही संस्था.

गोष्ट सुरू होते १९७४ मध्ये. अमूल्य कुमार नारायण रेड्डी हे तिथले रसायनशास्त्रज्ञ. त्यातही इलेक्ट्रोकेमिस्ट. बॉकरिस यांच्यासोबत त्यांनी लिहिलेलं या विषयावरचं जाडजूड पाठ्यपुस्तक जगभरच्या विद्यापीठांत शिकवलं जात होतं. म्हणजे नाव झालेलं, नोकरी पक्की. अशा माणसाने निवांतपणे पुस्तकाच्या पुढच्या आवृत्त्या काढाव्यात की नाही? पण रेड्डींना प्रश्न पडला की, आपल्या या विज्ञानाचा आपल्या खेड्यांना उपयोग काय? त्यांनी ‘अस्त्र’ नावाचा कार्यक्रम उभा केला. नाव पौराणिक वाटलं तरी ती ‘ग्रामीण भागासाठी विज्ञान आणि तंत्रज्ञान’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं. संस्थेतल्या सगळ्यांनाच हे रुचलं असं नाही. माती आणि शेण हे काय संशोधनाचे विषय झाले? मात्र संचालक होते सतीश धवन. एकीकडे ‘इस्रो’ची धुरा वाहणारा हा माणूस रेड्डींच्या पाठीशी उभा राहिला.

कुणिगल तालुक्यातल्या उंग्रा गावात ‘अस्त्र’चं केंद्र निघालं. तिथे रसायनवाला, स्थापत्य अभियंता, यंत्रवाला, जीवशास्त्रज्ञ अशी सगळी मंडळी एकत्र आली. एरवी संस्थेत यांचे विभाग वेगळे, प्रयोगशाळा वेगळ्या. चहाच्या टेबलावर गाठ पडली तर पडली!

या मंडळींनी आधी यंत्र बनवलं नाही, मोजमाप केलं. पुरा गावात तेव्हा ५६ घरं, ३५७ माणसं. गाव जगतं कशाच्या जोरावर, हा प्रश्न. उत्तर आलं की, गावाला लागणाऱ्या एकूण ऊर्जेपैकी ८९ टक्के सरपण, ७ टक्के माणसाची मेहनत, २ टक्के रॉकेल आणि बैल व वीज प्रत्येकी जेमतेम १ टक्का. त्या मेहनतीतही बायकांचा वाटा ५३ टक्के, पुरुषांचा ३१ आणि उरलेला चक्क मुलांचा. सरपण गोळा करण्यात प्रत्येक घराचे रोज सुमारे अडीच तास जात. आता सांगा, दिल्लीत बसून ऊर्जा म्हणजे कोळसा आणि धरणं असा हिशेब मांडणाऱ्यांना हे कसं दिसावं? आणखी एक गोष्ट उघड झाली. गावातल्या बायका चुलीसाठी जंगलं तोडतात, असं तेव्हा सर्रास म्हटलं जाई. पुऱ्यातल्या बायका बहुतेक काटक्याकुटक्याच वेचत होत्या. लाकूड ट्रक भरभरून जात होतं ते बंगळुरूला.

मग उपाय निघाले. कमी लाकूड खाणारी, धुराडं असलेली, तीन भांड्यांची ‘अस्त्र ओले’. ओले म्हणजे कानडीत चूल. पारंपरिक चुलीत लाकडातल्या उष्णतेचा जेमतेम दहावा हिस्सा भांड्याला लागतो. या चुलीने प्रयोगशाळेत चाळीस टक्क्यांच्या पुढे मजल मारली. स्थापत्य अभियंते के. एस. जगदीश यांनी दाबून बनवलेल्या मातीच्या विटा आणल्या. त्यांना भट्टी नको, म्हणून सरपणही नको. गंमत अशी की, त्या विटा खेड्यापेक्षा बंगळुरूच्या हौशी बंगलेवाल्यांनाच जास्त आवडल्या!

पण खरा धडा मिळाला तो गोबर गॅसचा. प्रोफेसरांचं गणित साधं होतं. सरपणाचा त्रास सर्वांत मोठा, तेव्हा गावाचा मिळून एक गोबर गॅस प्लँट बांधायचा आणि घरोघरी स्वयंपाकाला गॅस द्यायचा. प्लँट झाला, गॅसही आला, पण दोन्ही वेळच्या स्वयंपाकाला पुरेना. गावात तेवढं शेणच नव्हतं! अर्धा स्वयंपाक गॅसवर आणि अर्धा चुलीवर करायचा तर कोण त्या भानगडीत पडणार? काटक्या तर फुकटच मिळत होत्या. योजना बसली.

एखाद्याने इथे अहवाल लिहिला असता, ‘ग्रामस्थांचे सहकार्य मिळाले नाही’. असे अहवाल आपल्याकडे कपाटं भरून आहेत. रेड्डी आणि त्यांचे सहकारी मात्र गावातच बसले आणि आधी विचारायला हवं होतं ते आता विचारू लागले. तुम्हाला काय हवंय? गाव म्हणालं, पाणी. बायका लांबच्या उघड्या तळ्यावरून पाणी आणत होत्या. बोअरवेलचं स्वच्छ पाणी हवं, असा त्यांचा आग्रह. मग तोच गॅस चुलीऐवजी डिझेल इंजिनाला दिला. इंजिनावर पाच किलोवॉटचा जनरेटर, जनरेटरवर पंप, टाकी, गल्लीत नळ. उरलेल्या विजेवर घरात ट्यूबलाइट. सरकारी वीज गावात होती, पण तिचा दिवा संध्याकाळी काजव्यासारखा लुकलुकायचा. हा दिवा लख्ख.

आणि शेण? जे स्वयंपाकासाठी जमत नव्हतं, ते आता रोज जमू लागलं. एखाद्याने पैसे थकवले तर त्याच्या घरचा दिवा बंद करता यायचा. पण शेणच कमी पडलं तर नळ सगळ्या गावाचा बंद! मग शेजारीणच शेजारणीला विचारणार ना, आज पाटी का नाही आली? सामाईक गोष्टीची माणसं वाट लावतात, असा अर्थशास्त्राचा एक लाडका सिद्धांत आहे. रेड्डींनी १९९५ मध्ये पुऱ्यावर लेख लिहिला आणि सामाईक असणं हे इथे वरदान कसं ठरलं ते दाखवलं. पुऱ्याचा प्लँट आज चालू नाही. पण गाव स्वतःची पाणीयोजना कित्येक वर्षं चालवू शकलं, ही नोंद पक्की आहे.

यातलं कुठलं ज्ञान कुठल्या विभागाचं? गॅस कसा तयार होतो हे सूक्ष्मजीवशास्त्र, इंजिन मेकॅनिकलचं, दोन पैसे अर्थशास्त्राचे आणि शेजारणीचा टोमणा समाजशास्त्राचा. एखाद्या तरुणाला यावर पीएच.डी. करायची म्हटलं तर अर्ज कुठल्या खिडकीवर भरायचा? बढतीच्या मुलाखतीत समोरचे तज्ज्ञ विचारणार, तुमचा विषय नेमका कोणता? ‘अस्त्र’चं पुढे ‘शाश्वत तंत्रज्ञान केंद्र’ झालं, म्हणजे विज्ञान संस्थेपुरती खिडकी उघडली. आपल्या पवईच्या आय.आय.टी.तही ग्रामीण तंत्रज्ञानाचं ‘सितारा’ हे केंद्र १९८५ पासून आहे. तिथे एम.टेक. करणाऱ्यांना काही आठवडे खेड्यात मुक्काम करावा लागतो. मिलिंद सोहोनी हे मूळचे कॉम्प्युटर सायन्सचे प्राध्यापक तिथेच कर्जत तालुक्यातल्या पाण्याच्या प्रश्नात शिरले.

बाकी सगळ्यांसाठी सक्तीचा पेपर आहेच. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरण शिकवण्याचा आदेश दिला, २००३ मध्ये पुन्हा कान पिळले आणि युजीसीने पदवीच्या सर्व शाखांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आखला. त्यात गावात, नदीवर, डोंगरावर जाऊन पाहणी करण्याचा भागही आहे. न्यायालयाचा हेतू उत्तम. फक्त परीक्षेच्या आधी कॉलेजच्या कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे जाऊन बघा. ‘ओढ्याच्या प्रदूषणाची प्रत्यक्ष पाहणी’ तयार मिळते, नाव आणि रोल नंबरची जागा तेवढी कोरी सोडलेली.