गवंड्याच्या मुलाची मागणी

‘हल्लीच्या पोरांना कष्ट नकोत,’ ही बांधकामावरच्या जुन्या गवंड्यांची तक्रार. त्यांनी आधी घमेली वाहिली, मग उस्तादाच्या हाताखाली थापी धरली. ओळंब्यात भिंत उठवणे हीच त्यांची इभ्रत होती. मुकादमाच्या शब्दावर ते महिनोन्महिने हिशेबाला थांबत. आजचा विशीतला मजूर मजुरी वेळच्या वेळी मागतो, पट्ट्याशिवाय परांचीवर चढत नाही आणि चार पैसे जास्त मिळाले की साइट बदलतो. याला आळस म्हणणे अन्यायाचे आहे. बापाची मोडलेली कंबर आणि बुडालेली मजुरी त्याने घरात पाहिली आहे.

तो मागतो ते १९९६च्या बांधकाम कामगार कायद्याच्या हेतूला धरूनच आहे. पण कल्याण मंडळाच्या नोंदणीसाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो; नाक्यावरच्या मजुराला तो देणार कोण? ही जबाबदारी ठेकेदारावर सक्तीने टाकावी. बांधकामांवरील उपकरातून जमणाऱ्या मंडळाच्या निधीतून जुन्या गवंड्यांना मानधन देऊन कामावरच शिकवायला नेमावे. बापाचे कसब आणि मुलाचा हक्क, दोन्ही टिकले पाहिजेत.