विहीर कोणी बाटवली?

20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतले. पुढे सनातन्यांनी तळ्यातून 108 घागरी पाणी काढले, त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही कालवले आणि मंत्र म्हणत ते परत तळ्यात ओतले. तळे 'शुद्ध' झाले! ते कोणी 'बाटवले' हे ठरवायला त्यांना प्रयोगशाळा लागली नाही, पंचनामा लागला नाही. माणसाची जात कळली, तेवढा पुरावा पुरला.

आज औद्योगिक वसाहतीच्या कडेला असलेल्या वाडीच्या विहिरीवर तेलाचा तवंग येतो, पाण्याला रॉकेलसारखा वास येतो, तेव्हा हीच व्यवस्था एकाएकी विज्ञाननिष्ठ होते. "हे आमचेच कशावरून?" असे कारखाना विचारतो. तो शेजारच्या कारखान्याकडे बोट दाखवतो, शेजारचा पेट्रोल पंपाकडे, आणि पंपवाला वाडीतल्या गॅरेजकडे. शेवटी कागदावर शेरा पडतो, 'स्रोत निश्चित होत नाही.' तोवर वाडीतल्या बाया डोक्यावर हंडा घेऊन दुसरी विहीर शोधत असतात.

आमचे म्हणणे साधे आहे. स्रोत शोधता येतो. तो शोधला जात नाही, आणि शोधण्याचे ओझे मुद्दाम चुकीच्या खांद्यावर टाकले जाते.

आधी शास्त्र पाहू. पेट्रोल, डिझेल पाण्यापेक्षा हलके. जमिनीत मुरल्यावर ते भूजलाच्या पातळीवर तरंगत राहते. त्यातले बेंझिन, टोल्युईन, झायलीन हे घटक थोडे थोडे पाण्यात विरघळतात आणि पाण्याबरोबर पुढे सरकतात. बेंझिनमुळे रक्ताचा कर्करोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा एका लिटरला 10 मायक्रोग्रॅम ठेवली आहे. एवढे कमी बेंझिन डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही. म्हणजे तवंग गेला म्हणून पाणी चांगले झाले असे नाही.

तेलाला स्वतःची ओळख असते. गॅस क्रोमॅटोग्राफीच्या आलेखावर पेट्रोल, डिझेल आणि वंगण तेल वेगवेगळे दिसतात. कच्च्या आणि जड तेलात होपेन, स्टेरेन नावाची संयुगे असतात. ती सहजी कुजत नाहीत आणि त्यांचे प्रमाण तेलागणिक बदलते, बोटांच्या ठशासारखे. काळाचाही अंदाज बांधता येतो. देशात शिसेयुक्त पेट्रोल 2000 साली बंद झाले. विहिरीतल्या पेट्रोलात ते शिसे सापडले, तर गळती जुनी आहे. एप्रिल 2020 पासून डिझेलमधले गंधक दशलक्ष भागांत 50 वरून 10 भागांवर आले, तोही एक दाखला. आणि आसपासच्या निदान तीन विहिरींची पाण्याची पातळी नीट मोजली, तर भूजल कोणत्या दिशेने वाहते तेही काढता येते. उताराच्या वरच्या अंगाला कोणाच्या टाक्या आहेत, हे पाहायला मग दुर्बीण लागत नाही.

पण हे ठसे टिकत नाहीत. हलके घटक उडून जातात, जिवाणू सरळ साखळीची संयुगे आधी खातात. चौकशीला दोन-चार वर्षे लावणे म्हणजे पुरावा हळूहळू पुसणे. दिरंगाई तटस्थ नसते!

आता आपला रत्नागिरी जिल्हा. आपल्या सड्यांचा जांभा सच्छिद्र आहे. वर सांडलेले त्यातून झपाट्याने खाली उतरते आणि पायथ्याच्या झऱ्यांत, विहिरींत निघते. लोटे-परशुरामची वसाहत रासायनिक कारखान्यांची. तिथले प्रश्न कच्च्या तेलाचे नाहीत. पण टोल्युईन, झायलीनसारखे जे द्रावक रसायन उद्योगात सर्रास वापरतात, ते पेट्रोलियमचेच वंशज. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट समितीने 2011 च्या अहवालात लोट्याबद्दल काय लिहिले, ते प्रत्येक कार्यकर्त्याने वाचावे. काही कारखाने विषारी सांडपाणी बोअरवेलमध्ये सोडतात, अशी तीन प्रकरणे उघडकीस येऊनही कारवाई झाली नाही, अशी माहिती समितीला मिळाली. त्याच अहवालात दुसरा आकडा आहे: ऑगस्ट 2007 ते ऑक्टोबर 2009 या काळात जिल्ह्यात 191 दिवस जमावबंदी होती. पाण्यात विष सोडणारा सापडत नाही, पण पाण्यासाठी जमणारे लगेच सापडतात.

एप्रिल 2023 मध्ये बारसूच्या सड्यावर रिफायनरीसाठी माती परीक्षणाचे बोअर मारले गेले. बाया रस्त्यावर आडव्या झाल्या, पोलिसांचा फौजफाटा आला. प्रकल्पाला जमीन पेलेल का, हे तपासायला एवढी घाई. त्याच गावांच्या विहिरींचे आजचे पाणी कसे आहे, ते तपासून लोकांच्या हाती देण्याची घाई कोणाला होती?

कोणी म्हणेल, तुम्ही विकासविरोधी. नाही. शेतीवरचा भार उतरवायला उद्योग हवेत, हे बाबासाहेबांनी 1918 सालीच मांडले होते. आम्हाला कारखाना हवा, पण आमच्या विहिरीच्या किमतीवर नको.

कायदाही आपल्या बाजूचा आहे. वेल्लोर प्रकरणात 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की आपला उद्योग पर्यावरणाला घातक नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी उद्योजकाची. हरित लवाद कायदा, 2010 चे कलम 17 म्हणते की नुकसान अनेकांच्या कामाचा एकत्रित परिणाम असेल, तर लवाद जबाबदारी त्यांच्यात न्याय्यपणे वाटून देऊ शकतो. 'नेमका कोण ते कळत नाही' ही पळवाट तिथेच बुजते. आणि अनुसूचित जाती-जमातींच्या वापरातले पाणी दूषित करणे हा अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम 3 खालचा गुन्हा आहे. हे कलम आपण कितीदा वापरले?

चवदार तळ्याचा खटला 1937 साली उच्च न्यायालयात जिंकला गेला, तो याच मुद्द्यावर. अस्पृश्यांना पाणी नाकारण्याची रूढी अनादी काळापासूनची आहे, हे सनातन्यांना सिद्ध करता आले नाही. पुरावा मागायचा तो पाणी अडवणाऱ्याकडे, तहानलेल्याकडे नव्हे. हा महाडचा धडा आहे.

म्हणून मित्रहो, 20 मार्चला महाडला जाऊच, पण आपल्या वाडीच्या विहिरीपाशीही जाऊ. विहिरीची वही घालू: तारीख, पातळी, वास, रंग, सह्या. नुकसानभरपाईसाठी लवादाकडे जायची मुदत कारण घडल्यापासून 5 वर्षांची, म्हणून पहिली तारीख लाखमोलाची. नमुना प्लास्टिकच्या बाटलीत नको. काचेच्या बाटलीत, हवा न राहील असा काठोकाठ भरून, बर्फात ठेवून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्यायचा. कारखाना उभा राहण्याआधीची चाचणी ग्रामसभेच्या ठरावाने मागायची. कोणत्या टाकीत काय साठवले आहे, ते माहिती अधिकारात काढायचे.

आमच्या स्पर्शाने पाणी बाटते म्हणणाऱ्यांनी कधी पुरावा दिला नाही. आता आमचे पाणी खरोखर नासते आहे. या वेळी पुरावा द्यायची पाळी त्यांची!

जय भीम!