आपल्याच गावात परक्या बाई

"डबा संपला का रे?" बाईंनी विचारले. चार वर्षांच्या त्या मुलाने मान खाली घालून उत्तर दिले, "ने." संपला नाही असे समजून बाईंनी झाकण उघडले, तर आत भाताचे शीतही उरले नव्हते. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी त्यांनी त्याच्या आईला विचारले तेव्हा उलगडा झाला. कोरियन भाषेत 'ने' म्हणजे 'हो'. त्याच आठवड्यात वर्गातल्या मावशींचीही अशीच गत झाली. पोर रडवेले होऊन 'मुल, मुल' म्हणत होते आणि मावशी त्याला शेजारच्या मुलापाशी नेऊन बसवत होत्या. त्याला पाणी हवे होते. 'मुल' म्हणजे पाणी. बाईंनी मग वहीच्या मागच्या पानावर यादी केली. पाणी, मुल. दुखतंय, आपायो. आई, ऑम्मा. शूची जागा, ह्वाजांगशिल. एवढ्या चार शब्दांवर त्यांनी पहिला महिना काढला.

पुण्याच्या पूर्व भागातल्या एका बालवर्गातली ही हकिगत आम्ही त्या बाईंच्याच तोंडून ऐकली. आज 5 सप्टेंबर, शिक्षक दिन. सत्कार होतील, शाली पांघरल्या जातील, भाषणे होतील. त्यात या बाईंचे नाव कोणी घेणार नाही, म्हणून आज त्यांच्याविषयी लिहायचे.

पुण्याच्या आसपास कोरियन कारखाने आता नवे राहिलेले नाहीत. रांजणगावला एलजीचा मोठा कारखाना आहे, चाकणला ह्युंदाईची बांधकामयंत्रे तयार होतात, आणि जनरल मोटर्सचा बंद पडलेला तळेगावचा कारखाना घेण्याचा करार ह्युंदाईने 2023 साली केला. कारखाना आला की साहेब येतो, साहेबाबरोबर त्याचे बिऱ्हाड येते आणि बिऱ्हाडाबरोबर लहान मूल येते. आपल्या बातम्यांत गुंतवणुकीचे कोटी मोजले जातात, मूल मोजले जात नाही. बदली दोन-चार वर्षांची. तेवढ्यात त्या मुलाने इंग्रजी शिकून घ्यावे ही आईबापांची आस, कारण परत गेल्यावर तिकडची स्पर्धा त्याची वाट पाहत असते. कोरियात शाळा सुटल्यावर मुले 'हाग्वॉन' नावाच्या खासगी शिकवण्यांना जातात. सोलमध्ये या शिकवण्या रात्री 10 नंतर चालवायला बंदी घालावी लागली, यावरून तिथल्या ओझ्याची कल्पना यावी. अलीकडे तर चार वर्षांच्या मुलांच्या इंग्रजी शिकवणीच्या प्रवेशपरीक्षेवरून तिथे मोठा वाद झाला. पुण्यातल्या पालकांना हे ऐकून फार आश्चर्य वाटू नये.

आणि या मुलाला इंग्रजी शिकवते कोण? सदाशिव पेठेत नाहीतर हडपसरला वाढलेली, घरी मराठी बोलणारी, सकाळी सातला स्कूटीवरून निघणारी बाई. तिचे गाव, तिची शाळा, तिचा पाऊस. तरीही त्या मुलाच्या डोळ्यांना परकी तीच. तिचा रंग वेगळा, साडी वेगळी, केसांतल्या मोगऱ्याचा वासही अनोळखी. आपल्याच गावात बसून परके व्हायचे, आणि ते परकेपण मुलाला जाणवू न देता पुसून टाकायचे, हे तिचे रोजचे काम. त्याला अभ्यासक्रमात तास नाही आणि पगारात रक्कम नाही.

हीच बाई उद्या सोलला जाऊन हेच काम करू म्हणाली तर काय होईल? कोरियात परदेशी माणसाला इंग्रजी शिकवण्यासाठी मिळणारा व्हिसा मुळात सात देशांच्या नागरिकांसाठी आहे: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. 1 जानेवारी 2010 पासून अमलात आलेल्या भारत-कोरिया आर्थिक भागीदारी कराराने भारतीयांना त्यात वाट मिळाली, पण पदवी आणि अध्यापनाची पात्रता दाखवून सहायक शिक्षक म्हणून. त्या सात देशांतला तरुण तिथल्या सरकारी शाळेत रुजू झाला की त्याला पगाराबरोबर राहायला घर मिळते. पुण्यात कोरियन मुलाला तीच भाषा शिकवणाऱ्या बाईला घरभाडे सोडाच, पुष्कळदा नेमणुकीचे धड पत्रही मिळत नाही. शिक्षण हक्क कायदा 6 ते 14 वयाचा. त्याआधीची तीन वर्षे सांभाळणारी बाई त्या कायद्याच्या उंबऱ्याबाहेरच उभी आहे. हा अन्याय कोरियाने केलेला नाही, आपण केला आहे.

या बाईकडे एक ठेवा आहे, तो मात्र त्या सात देशांतल्या कोणाकडे नाही. कोरियन वाक्य मराठीसारखे चालते. कर्ता आधी, क्रियापद शेवटी, आणि नामाला मागून चिकटणारा प्रत्यय. 'मी शाळेत जातो' हे वाक्य कोरियनमध्ये 'नानुन हाक्क्योए कायो' असे होते. 'हाक्क्यो' म्हणजे शाळा, तिला लागलेला 'ए' म्हणजे आपला 'त', आणि 'कायो' म्हणजे जातो. शब्द ओळीने जागच्या जागी बसतात. ते मूल इंग्रजीत 'आय स्कूल गो' म्हणते तेव्हा परदेशी शिक्षकाला ती चूक दिसते. मराठी बाईला त्यात आपल्याच पहिलीतल्या मुलाचा आवाज ऐकू येतो, आणि कुठे हात धरायचा ते तिला न सांगता कळते.

लिपीचेही तसेच. सेजोंग राजाने कोरियन अक्षरे 1446 साली लोकांपुढे ठेवली, ती तोंडाच्या आत जीभ कुठे लागते हे पाहून. 'न'चे अक्षर वर टेकलेल्या जिभेसारखे, 'म' म्हणजे तोंडाचा चौकोन. आपली वर्णमालाही कंठापासून ओठांपर्यंत याच वाटेने येते. कंठ्य, तालव्य, दंत्य, ओष्ठ्य हे पाठ केलेल्या बाईला त्या मुलाची अडचण नेमकी कळते. कोरियनमध्ये शब्दाच्या सुरुवातीला 'ग' आणि 'क' असा आपल्यासारखा भेद नाही. म्हणून गणपतीच्या दिवसांत ते मूल उत्साहाने 'कणपती पप्पा' म्हणते. बाई त्याचा हात आपल्या गळ्यावर ठेवतात, 'ग' म्हणतात आणि आतली थरथर बोटांना लागू देतात. मग तोच हात त्याच्या गळ्यावर. आम्ही हे पाहिले तेव्हा पाचव्या की सहाव्या खेपेला 'गणपती' उमटला, आणि वर्ग टाळ्या वाजवत उठला.

पण भाषेच्याही आधी जे जुळले ते सागरगोट्यांनी. वर्गात एक कोरियन मुलगी आली होती, तीन आठवडे कोणाशी बोलेना. मधल्या सुट्टीत बाई दोन मुलींना सागरगोटे दाखवत होत्या. ती लांबून बघत होती, हळूहळू जवळ आली, बसली आणि पाचही सागरगोटे तिने आपल्याकडे ओढले. एक वर उडवून एकेक उचलला, मग दोन-दोन, मग तीन आणि एक, मग चार एकदम. शेवटी पाचही हाताच्या पाठीवर झेलून पुन्हा मुठीत. तिच्याकडे या खेळाला 'कोंगी' म्हणतात. पुण्याच्या वाड्यांतून हद्दपार झालेला खेळ सोलहून आलेल्या पोरीच्या बोटांत जिवंत होता. बाई सांगताना एवढेच म्हणाल्या, "तेव्हापासून ती माझी झाली."

परक्या बाईकडून शिकणे या मुलखाला अपरिचित नाही. अमेरिकेहून आलेल्या सिंथिया फरार यांनी एकोणिसाव्या शतकात अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवल्या, आणि सावित्रीबाई फुले यांच्या अध्यापन-प्रशिक्षणाच्या संदर्भात त्यांचे नाव येते. पुढे 1945 साली ताराबाई मोडक बोर्डीला गेल्या आणि अनुताई वाघ त्यांना मिळाल्या. तिथल्या आदिवासी मुलांच्या दृष्टीने त्याही परक्याच. मुले शाळेत येईनात तेव्हा त्यांनी शाळा मुलांच्या अंगणात नेली, गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणात नेली. शिकवणाऱ्याने मुलाकडे चालत जायचे असते, हे त्यांनी करून दाखवले. खराडीच्या काचेच्या इमारतींच्या सावलीत चालणारा आजचा बालवर्ग त्याच वाटेवरचा आहे.

या मुलांच्या आईबापांनाही बाईंचे मोल कळते. कोरियात शिक्षकाला नावाने हाक मारत नाहीत, 'सॉन्सेंग्निम' म्हणतात, जशी आपल्याकडे नुसती 'बाई' म्हणण्याची रीत होती. वस्तू द्यायची ती दोन्ही हातांनी. तिकडचा शिक्षक दिन 15 मे, म्हणजे सेजोंग राजाचा जन्मदिवस. त्या दिवशी शिक्षकांना कार्नेशनची फुले देण्याचा प्रघात होता. 2016 साली लाचलुचपतीविरुद्धचा कडक कायदा आला आणि एकेका विद्यार्थ्याने शिक्षकाला फूल देणेही बंद झाले. वर्गाच्या वतीने प्रतिनिधीने सर्वांसमोर द्यायचे. पुण्यात 15 मेला बहुतेक शाळांना उन्हाळ्याची सुट्टी. तेव्हा एका आईने गेल्या वर्षी चौकशी केली, तुमचा दिवस कोणता? आणि 5 सप्टेंबरला मुलाच्या हाती कागदाचे लाल फूल पाठवले. ते अजून बाईंच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेले आहे.

एक खंत मात्र बोलून दाखवायलाच हवी. या मुलांना आपण मराठी देत नाही. 2020 च्या कायद्याने राज्यातल्या सर्व मंडळांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची केली. पण बालवर्ग त्याबाहेर, आणि 'यांना कशाला, दोन वर्षांनी जाणारच आहेत' असे आपणच ठरवून टाकतो. ज्या भाषेची घडण त्यांच्या भाषेशी जुळते, जी फाटकावरच्या काकांपासून भाजीवाल्या मावशींपर्यंत सगळीकडे कानावर पडते, तीच त्यांच्यापासून लांब ठेवायची, हे त्या मुलांवर अन्याय करणारे आहे. वर्षभरात त्यांना 'चल खेळू', 'मला दे', 'थांब ना' एवढे आले तरी ती या शहरात पाहुणी राहणार नाहीत.

म्हणून शाळा चालवणाऱ्यांना सांगणे असे: या बाईंना नेमणुकीचे पत्र द्या, पुरता पगार द्या, आणि ती मागच्या पानावरची यादी करायला आठवड्यातला एक तास द्या. आणि ज्यांच्या सोसायटीत असे एखादे बिऱ्हाड राहायला आले आहे त्यांना: त्या मुलाला बहुधा शाळेसाठी घेतलेले एक इंग्रजी नाव असेल. त्याचे खरे नाव विचारून घ्या, दोनदा चुकले तर तिसऱ्यांदा विचारा, आणि गणपतीत संध्याकाळच्या आरतीला त्या नावाने त्याला खाली बोलवा.