दवाखान्यातला सर्व्हर आणि बाकावरचा रुग्ण

गेल्या पावसाळ्यातल्या एका सोमवारी माझ्या दवाखान्यातला संगणक सुरूच झाला नाही. आदल्या रात्री विजा कडाडल्या होत्या, विजेचा दाब वरखाली झाला होता आणि सर्व्हर म्हणून कोपऱ्यात ठेवलेली पेटी कायमची गप्प झाली होती. बाहेर बाकावर पंचवीस-तीस माणसे खोळंबलेली. त्यांत हृदयाची कृत्रिम झडप बसवलेल्या एक आजी होत्या. रक्त पातळ ठेवणाऱ्या त्यांच्या गोळीचे प्रमाण रक्ततपासणी पाहून ठरवावे लागते. ते वाढले तर रक्तस्रावाची भीती, कमी पडले तर झडपेवर गुठळी धरण्याची. मागच्या सहा महिन्यांचे आकडे त्या पेटीत अडकले होते. "डॉक्टर, तुमच्याकडं सगळं लिहिलेलं असतं ना?" आजींनी विचारले. उत्तर अखेर त्यांच्याच पिशवीत निघाले. नातवाने वहीच्या पानावर सगळे आकडे उतरवून ठेवले होते. तालुक्याच्या गावातल्या एका 'संगणकीकृत' दवाखान्याची लाज शाळकरी पोराच्या वहीने राखली.

बॅकअप नव्हता का? होता, पण त्याच पेटीला जोडलेल्या डिस्कवर. एकाच तडाख्यात दोन्ही गेले. यंत्रणा बसवून देणाऱ्याला मी खूप बोललो. पुढे विचार केला तेव्हा लक्षात आले, की खरेदीच्या वेळी मी किंमत विचारली, वेग विचारला, हप्ते विचारले. 'बंद पडली तर काय?' हा एकच प्रश्न विचारला नाही.

हा प्रश्न माझ्यासारख्या किरकोळ डॉक्टरचाच आहे असे मात्र कोणी समजू नये. 23 नोव्हेंबर 2022 रोजी दिल्लीच्या 'एम्स'मधली संगणकयंत्रणा खंडणीखोर सॉफ्टवेअरच्या हल्ल्याने कोलमडली. देशातल्या अग्रगण्य रुग्णालयात पुढे कित्येक दिवस केसपेपर हाताने लिहिले जात होते. सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार पाच सर्व्हर बाधित झाले होते, सुमारे 1.3 टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली होती आणि जाळ्याची योग्य विभागणी नसणे हे हल्ल्याचे कारण होते. ई-हॉस्पिटलची माहिती परत मिळाली ती हल्ल्यातून वाचलेल्या एका बॅकअप सर्व्हरमुळे. म्हणजे बुडवले ते रचनेने आणि तारले तेही रचनेनेच.

'मोठ्या घरावर दरोडा पडतो, झोपडीकडे कोण बघतो?' हा युक्तिवादही टिकणारा नाही. मे 2017 मध्ये 'वॉनाक्राय'ने इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेला ग्रासले, तेव्हा तिथल्या लेखापरीक्षकांनी बाधितांमध्ये 595 दवाखाने मोजले. हे आपल्याकडच्या फॅमिली डॉक्टरांसारखे लहान दवाखाने होते. ज्या फटीतून तो किडा शिरला, ती बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. ती बसवायची राहून गेली, इतकेच!

मग लहान दवाखान्याने काय करावे? आपल्या जुन्या घरांत याचे उत्तर आहे. पाहुण्याला आपण ओसरीवर बसवतो, माजघरात नेत नाही. तसेच रुग्णांसाठीचे वायफाय वेगळे, कॅमेरे वेगळे आणि रुग्णनोंदींचे जाळे वेगळे हवे. सोनोग्राफीच्या जुन्या यंत्राला इंटरनेटचा वारा लागू देऊ नये. विंडोज 10 ची नियमित दुरुस्ती ऑक्टोबर 2025 मध्ये थांबली. त्यावर चालणारे संगणक किती, हे मोजावे. नोंदींच्या तीन प्रती असाव्यात: एक कामाची, दुसरी निराळ्या साधनावर आणि तिसरी दवाखान्याच्या बाहेर. यांतली एक तरी तारेने कशालाही जोडलेली नसावी. सर्व्हरला यूपीएस आणि चांगले अर्थिंग द्यावे. इंटरनेटच्या दोन जोडण्या दोन वेगळ्या कंपन्यांच्या घ्याव्यात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बॅकअप परत उतरवून पाहावा. न उघडलेला बॅकअप म्हणजे न वाजवून घेतलेला रुपया.

शासनाने सप्टेंबर 2021 मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू केले. रुग्णाची कुंडली त्याच्याबरोबर फिरावी, ही कल्पना उत्तमच आहे. दुसरीकडे, वैयक्तिक माहितीच्या रक्षणात हयगय झाल्यास 250 कोटी रुपयांपर्यंत दंड करण्याची तरतूद 2023 च्या कायद्याने केली. एका हाती निमंत्रण, दुसऱ्या हाती छडी! मधली जागा मात्र रिकामी आहे. तालुक्याच्या डॉक्टरला ही रचना समजावून देणारा, वर्षातून दोनदा येऊन ती तपासणारा माणूस कुठे आहे? रक्तदाबाच्या यंत्राची पारख आम्हाला शिकवली गेली, राऊटरची नाही. सरकारची वाट न पाहता दहा-बारा दवाखान्यांनी मिळून एक जाणकार तंत्रज्ञ नेमला, तर प्रत्येकाच्या वाट्याला येणारा खर्च झेपण्याजोगा असेल. आमच्या गावात ती बोलणी सुरू आहेत. स्पर्धक डॉक्टर एका टेबलाशी बसणे हे मात्र सर्व्हर बसवण्यापेक्षा अवघड, असा अनुभव घेतो आहे.

तूर्त मी दोन नियम केले आहेत. महिन्यातून एकदा संगणक बंद ठेवून तासभर कागदावर दवाखाना चालवायचा. आणि रुग्ण उठताना त्याच्या हाती आजचे आकडे, औषध व प्रमाण छापलेली चिठ्ठी द्यायची. आजींना पहिली चिठ्ठी दिली तेव्हा त्यांनी ती नीट घडी घालून पिशवीत ठेवली आणि म्हणाल्या, "तरी वहीत लिहायला सांगतेच हं नातवाला." मी नाही म्हणालो नाही. तिसरी प्रत दवाखान्याबाहेर असावी, हे त्या माउलीला माझ्या आधी कळले होते.