काळी पिकाला, पांढरी घराला

सोयाबीनची काढणी उरकली. उताऱ्याचं नंतर लिहितो, आज दुसरंच बोलायचंय.

काढणीला बायका आल्या त्या लातूरहून, टमटमनं. आधी गावातला मजूर कामाला शहरात जायचा, आता शहरातला मजूर रानात येतोय. त्यातली एक शेजारच्याच गावची. लेकरांच्या शाळेपायी लातूरला गेली, पत्र्याच्या खोलीत राहते. मालकानं खोली सोडायला सांगितलीय. का, तर त्याच खोलीत नीटच्या क्लासच्या चार पोरी ठेवल्या की भाडं जास्त येतं. जेवताना म्हणली, "काका, रोडकडंचा एक गुंठा द्या की मला. हप्त्यानं फेडते."

मी नाही म्हणलो. तेव्हापासून डोक्यातून जाईना.

पारावर बसलं की आपण म्हणतो, बाहेरच्यांनी लातूर भरलं. बाहेरचे म्हणजे कोण हो? आपलीच लेकरं, त्यांना डबा करायला गेलेल्या आपल्याच बायका, आपलेच मजूर. २००१ ला शहर तीन लाखाच्या आसपास होतं, २०११ ला ३ लाख ८२ हजार. २०२१ ची जनगणना झालीच नाही, पण एकदा सकाळी क्लासच्या भागात उभं राहून बघा. इकडं गावात उरलेत म्हातारे आणि कुलपं.

माणसं वाढली तर घरं वाढावीत. वाढले काय? प्लॉट. शहराच्या चारी बाजूंनी सोयाबीन-तुरीची काळी रानं गेली. तिथं हद्दीचे दगड आणि गाजरगवत आहे, घर क्वचित. ज्यानं प्लॉट घेतला त्याला राहायचं नाही, भाव वाढायची वाट बघायचीय. म्हणजे रानही गेलं आणि गरिबाला घरही नाही.

मग गुंठा का दिला नाही? एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यामुळं शेतजमिनीच्या एवढ्या तुकड्याचं सरळ खरेदीखत होत नाही. मग नोटरीवर कागद करतात. सातबाऱ्यावर नाव नाही, रस्ता नाही, गटार नाही. पंतप्रधान आवास योजनेत स्वतःच्या जागेवर घर बांधायला अडीच लाख मिळतात, पण जागा नावावर लागते. नोटरीचा कागद तिथं चालत नाही. २०२५ मध्ये सरकारनं शहरी पट्ट्यातले जुने तुकडे नियमित करायचं ठरवलं. चांगलं झालं, पण ते झालेल्या चुकीवर औषध. नवीन घर कुठं, ह्याचं उत्तर त्यात नाही.

आपल्या वाडवडिलांकडं ते उत्तर होतं. काळी कसायला, पांढरी वसायला. काळी माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. पीक जोमात येतं, पण उथळ पायाच्या घराला तडे जातात. घराला मुरमाड जागा बरी आणि पाया स्वस्त. गरिबाला स्वस्त घर द्यायचं तर काळ्या रानात बांधणं हा दुहेरी तोटा. कृषीवाल्या साहेबांनो, मातीचे नकाशे तुमच्याकडं आहेत. शहराचा विकास आराखडा करताना ते टेबलावर ठेवायला लावा की.

आणखी एक. मोठ्या गृहप्रकल्पात २० टक्के घरं अल्प उत्पन्नवाल्यांना ठेवायचा नियम राज्यात आहे, पण तो मुळात आणला दहा लाख आणि त्याहून जास्त वस्तीच्या महापालिकांसाठी. लातूरसारख्या शहरातला गरीब काय कमी गरीब असतो? हा नियम आपल्याकडं आणा. वर्षानुवर्षं पडीक ठेवलेल्या प्लॉटला जादा कर लावा. शहराच्या आतली रिकामी जागा आधी भरू द्या, मग रानाकडं बघा.

आणि आपणही आरशात बघू. एजंट बयाणा घेऊन बांधावर आला की आपलेच हात थरथरतात. कर्ज असतं, लग्न असतं, मान्य. विकणाऱ्याला मी शिव्या देत नाही. पण रान विकून आलेला पैसा संपला की तोच शेतकरी लातुरात भाड्याची खोली शोधतो, हे डोळ्यानं बघितलंय.

त्या बाईला नाही म्हणलो, ते बरोबरच होतं. पण माझ्या नाही म्हणण्यानं तिच्या डोक्यावर छप्पर येत नाही. आराखड्यावर हरकती मागवतील तेव्हा मी लेखी देणार आहे. तुम्हीही द्या. पुढच्या सोयाबीनला ती येणार का, हे तिच्या खोलीवर आहे. आपल्या काढणीचा प्रश्न हाच आहे मंडळी.

हरभऱ्याच्या बीजप्रक्रियेचं उद्या टाकतो.